माझ्या वाट्याचं ऊन

"आईला होते का असे डाग?" डॉक्टरनं विचारलं आणि मी म्हणाले, "नाही."

विचारही न करता म्हणाले. या एका बाबतीत खोटं बोलायला मला कधी विचार करावाच लागला नाही, इतका तो सराव जुना. शेजारच्या खुर्चीत माझ्या सासूबाई बसल्या होत्या. खरं तर दवाखान्यात मी त्यांनाच घेऊन आले होते, पायाला खाज सुटते म्हणून. त्यांचं तपासून झालं, मलम लिहून झालं, आणि आम्ही उठता उठता डॉक्टर माझ्या तोंडाकडं बघत म्हणाली, "मॅडम, तुमच्या गालावरचेही बघू का?" मॅडम म्हणाली, कारण साताऱ्यातली निम्मी पोरं माझ्या हाताखालून गेली आहेत आणि ही त्यातलीच. पाचवीत असताना तेराचा पाढा चुकला म्हणून हिला मी बाकावर उभी केली होती. आता तिनं मला खुर्चीत बसवून दिवा लावलेलं भिंग माझ्या गालावर धरलं.

"हा वांग नाही मॅडम. वांग पसरट असतो. हे सुटे सुटे आहेत, कडा बघा कशा स्पष्ट आहेत. उन्हाचे डाग हे. चाळिशीनंतर वर येतात." आणि मग तिनं आईचं विचारलं.

मी नाही म्हणाले तेव्हा सासूबाईंनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी समोरच्या तक्त्याकडं बघत राहिले, जणू त्यावर मला फार महत्त्वाचं काही वाचायचं होतं.

माझी आई जाऊन तीन वर्षं झाली. तिच्या दोन्ही गालांवर, कपाळाच्या कडांना आणि नाकाच्या शेंड्यावर डाग होते. मला ते झोपेत हात लावून मोजता येत असत. उजव्या डोळ्याखालचा सगळ्यात मोठा, बेदाण्याएवढा. आज माझ्या उजव्या डोळ्याखाली जो आहे तो तिथंच आहे, अगदी त्याच जागी.

माझं माहेर कवठे महांकाळ तालुक्यातलं. तिकडं पावसाची बोंब, पण ऊन हवं तेवढं, म्हणून तर बेदाणा होतो. मी सहा वर्षांची असताना वडील काविळीनं गेले. घरात काका, काकी, आई आणि मी. द्राक्षाची बाग होती आणि उन्हाळा आला की सगळं घर बेदाण्याच्या मागं लागायचं. घड औषधाच्या पाण्यात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरायचे, वाळले की झाडायचे, आणि शेवटी माळावर ताडपत्र्या अंथरून वरचं ऊन द्यायचं. हे शेवटचं काम वाईट. वरून ऊन आणि खालून ताडपत्रीची झळ. आई आणि काकी दोघी शेजारी शेजारी वाकून दिवसभर बेदाणा हलवत असायच्या. दोघींचं ऊन एक, काम एक, पाणी पिण्याचा माठही एक.

पण काकीचं तोंड नितळ राहिलं आणि आईचं नाही.

तिची तिशी उलटली तसे एकेक डाग वर यायला लागले. गावात त्याला सरसकट वांगच म्हणत. आणि गावात कुणाला काही झालं की त्याचं कारण शोधून त्या माणसाच्याच पदरात घातल्याशिवाय लोकांना जेवण जात नाही. कुणी म्हणालं, तोंड चोळून धुत न्हाई. कुणी म्हणालं, पदर घेत न्हाई, काकी बघा कशी घेती. (काकीही घेत नव्हती.) एक म्हातारी तर तिच्या तोंडावरच म्हणाली, "नवरा गेल्याली बाई, काळजी तोंडावर उठती गं." आई सगळ्यांचं ऐकायची आणि मान हलवायची. दुपारी सगळी पडली की परसात सहाण घेऊन बसायची, दुधात जायफळ उगाळायची आणि गालांना लावून भिंतीकडं तोंड करून बसायची. जायफळं झिजली, डाग काही झिजले नाहीत.

शेवटी तिनं स्वतःपुरतं ठरवून टाकलं की हे सगळं उन्हाचं आहे. आणि एकदा ते ठरल्यावर तिनं मला उन्हातून काढलं.

आमच्या गावच्या सगळ्या पोरी सुट्टीत ताडपत्रीवर असायच्या. मी नाही. मी नुसतं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं तरी माळावरून तिची हाक यायची, "आत हो! आत हो आधी!" काकी एकदा वैतागून म्हणाली, "हिची लेक काय लोण्याची हाय का? इरघळून जाईल व्हय?" आई कंबर सरळ करून म्हणाली, "तिच्या वाट्याचं मी करते, जाऊबाई." आणि ती करायची. आपलं आणि माझं. मी आत पंख्याखाली पुस्तक घेऊन बसायचे. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. ते मला मिळायलाच हवं असंच वाटायचं.

मी डी.एड. झाले आणि स्थळं यायला लागली. आमच्या भागात मुलगी बघायला येणाऱ्या बायका मुलीला थोडं बघतात आणि मुलीच्या आईला नीट बघतात. खाण तशी माती. मुलगी आज कशीही दिसो, पुढं ती आईच होणार, असा त्यामागचा समज. पहिलं स्थळ आलं ते परत गेलं आणि मध्यस्थाकडून कळलं, "पोरगी बरी हाय, पण आईच्या तोंडाला कोडबीड हाय का काय?" कोड नव्हतंच ते, कोड पांढरं असतं, हे सांगायला तरी कुणाकडं जायचं? कोड हा शब्द मात्र गावभर फिरून आला.

नंतर साताऱ्याचं स्थळ आलं. घरचं चांगलं, मुलगा बँकेत. आदल्या दिवशी चुलीपुढं बसून आईनं भाजीत मीठ घालावं इतक्या सहज सांगितलं, "मी आत राहते. पुढं जाऊबाई बसत्याल. कोन न्हाई ईचारत आई कोन म्हनून."

काका म्हणाले, "वहिनी, आसं कसं?"

"आसंच. लेकीचं व्हऊ दे."

काकी काही बोलली नाही. मीही बोलले नाही. मला बरं वाटलं. हे एवढं वाक्य कागदावर उतरवायला मला तेवीस वर्षं लागली आहेत, तेव्हा ते पुन्हा लिहिते: मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी काकी जरीकाठी लुगडं नेसून सतरंजीवर बसली. कुणी तिला आई म्हणालं नाही, कुणी नाहीही म्हणालं नाही. पाहुण्या बायका तिच्याकडं बघत होत्या आणि त्यांची तोंडं प्रसन्न होत होती. काकीचं आणि माझं रक्ताचं नातं काहीच नाही, ती दुसऱ्या गावच्या दुसऱ्या घराण्यातली, पण तिच्या गालांवरून माझ्या गालांचं भविष्य ठरत होतं. पोहे झाले आणि पाणी कमी पडलं. काकी पाहुण्यांसमोरून उठू शकेना, म्हणून तिनं आत बघून हाक मारली, आणि आई तांब्या घेऊन बाहेर आली. पदर दोन्ही गालांवरून ओढून दातांत धरलेला. माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी भांडं हातात घेतलं, तिच्याकडं बघितलं आणि विचारलं, "ह्या कोन म्हनायच्या?"

काकी पदर सारखा करायला लागली. काका आढ्याकडं बघायला लागले. मान खाली घालून बसलेली मी, मुलीनं विचारल्याशिवाय बोलू नये असं दहा वेळा बजावलेली मी, सगळ्यांच्या आधी बोलले.

"कामाला असतात."

आईनं तांब्या खाली ठेवला आणि ती आत गेली.

संध्याकाळी पसंतीचा निरोप आला. आईनं माझ्या तोंडात साखर घातली. मी म्हणाले, "आई, मघाशी मी..." तिनं मला पुढं बोलू दिलं नाही. म्हणाली, "बरं सुचलं बाई तुला. माझी तर धांदलच उडाली. शिकल्याली हाईस म्हनून सुचलं." तिनं माझं कौतुक केलं. त्या दिवशी तिनं माझ्या मुस्काटात मारायला हवी होती.

पसंती झाल्यावर मध्यस्थानं सांगून टाकलं की बैठकीत बसली ती काकी, आई विधवा म्हणून पुढं येत नाही. कन्यादान काका-काकींनी केलं. वडील नसलेल्या मुलीचं तसंच करतात, त्यामुळं कुणाला काही वावगं वाटलं नाही. आई मांडवात मागं बसली होती, पदर हनुवटीपर्यंत. लग्नाच्या अल्बममध्ये तिचा चेहरा एकाही फोटोत नाही. एका फोटोच्या कोपऱ्यात तिच्या निळ्या लुगड्याचा पदर तेवढा आला आहे.

मग ती लपायला लागली. सासरचं कुणी माहेरी येणार म्हटलं की तिला रानात काम निघायचं. माझ्या मुलीच्या बारशाला सासूबाई आल्या तर ती आतल्या खोलीत वाकळ घेऊन पडून राहिली, अंगात कणकण आहे म्हणाली. सासूबाई दारापर्यंत गेल्या. मी म्हणाले, "आत्ताच डोळा लागलाय तिचा." सासूबाई दारातूनच माघारी आल्या.

"वळखलं तर फसवलं म्हनत्याल," आई मला म्हणायची. "मला काय बोलत्याल ते बोलू देत. पर तुला जलमभर टोचत्याल." आणि मी, जिला चौतीस पोरांचा वर्ग एका नजरेत गप्प करता येतो, तिला म्हणू शकले नाही की चल, मी सांगते त्यांना. माझं सगळं चांगलं चाललं होतं. चांगलं चाललेलं मोडायला कुणाला आवडतं?

साताऱ्याच्या माझ्या घरात ती एकदाही आली नाही. माझं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा मात्र ती आली, पण घरी नाही, दवाखान्यात. कवठ्याहून सांगली, सांगलीहून सातारा, अशा दोन एसट्या करून. आली की आधी विचारायची, "तुझी सासू डबा घिऊन कवा येती?" मी म्हणायचे, एकला. ती साडेबाराला उठायची. जाताना उशाशी बेदाण्याची पिशवी ठेवायची आणि पुन्हा दोन एसट्या करून जायची. तीन दिवस तिनं असं केलं. मी कॉटवर पडून तिला जाताना बघत होते. पोटाला टाके होते, तोंडाला नव्हते.

दर दिवाळीला सासूबाई मला म्हणायच्या, "तुझ्या आईला आण की चार दिस. एकटी काय करती तिकडं?" मला वाटायचं, या चाचपून बघतात. मी म्हणायचे, "तिला शहरात करमत नाही, आत्या." आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. आत्या पुढच्या दिवाळीला पुन्हा म्हणायच्या.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलात आई ताडपत्रीच्या कडेला पाणी प्यायला बसली ती उठलीच नाही. आम्ही साताऱ्याहून गाडी करून गेलो, आत्याही आल्या. आईला अंगणात ठेवलं होतं. इतक्या वर्षांची सवय म्हणून असेल, काकीनं तिचं तोंड पदरानं झाकलं होतं. आत्या गुडघे धरत खाली बसल्या. त्यांनी पदर बाजूला केला आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग गालावरून हात फिरवला, जिथं डाग होते तिथूनच. आणि माझी आई मरून समोर पडलेली असताना माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं? ओळखलं की काय यांनी. ही मी. याच्यापेक्षा जास्त काही मला माझ्याबद्दल सांगता येणार नाही.

तर त्या दिवशी दवाखान्यात मी "नाही" म्हणाले आणि आत्यांनी माझ्याकडं बघितलं. मग त्या डॉक्टरला म्हणाल्या, "हुते की. दोनी गालावर हुते." त्यांनी आपलं वाकडं झालेलं बोट उचलून माझ्या डोळ्याखाली टेकवलं. "ह्यो मोठा तर हितंच हुता. डॉक्टरापाशी खोटं कशाला सांगतीस गं?"

मला काही दिसेना. भिंतीवरचा तक्ता नाही, काही नाही.

डॉक्टर शहाणी मुलगी. तिनं कशाची चौकशी केली नाही, फक्त समजावून सांगायला लागली, मी वर्गात सांगते तशी, सावकाश. "मॅडम, ऊन तर सगळ्यांनाच लागतं. पण त्या उन्हानं कुणाला डाग उठणार आणि कुणाला नाही, यात आईवडिलांकडून आलेलं पण बरंच असतं. कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात, त्यांना चालवणारी जनुकं असतात. एक नाही, बरीच आहेत, सगळी अजून कळलेलीही नाहीत. काही जणांची अशी असतात की ऊन खाऊन खाऊन त्या पेशी एकेका जागी जास्तच रंग करायला लागतात आणि तो तिथंच साठतो. शेजारी तेवढ्याच उन्हात उभी असलेली दुसरी बाई कोरी राहते."

"शेजारची कोरी राहते," मी म्हणाले.

"हो. तिच्या अंगातच ते नसतं."

मग मी विचारत सुटले. तोंड चोळून न धुण्यानं होतं का? नाही. जायफळानं जातं का? नाही मॅडम, उलट आग होते. नवरा नसला, जिवाला काळजी असली तर उठतात का? ती हसली, "नाही हो मॅडम." मी आईची बाजू मांडत होते, जिला उभ्या जन्मात कुणी बाजू मांडू दिली नव्हती, आणि एकेक आरोप तिच्यावरून गळून पडत होता. ऐकायला ती तेवढी नव्हती.

"मग मुलीला सावलीत ठेवून काही उपयोग नाही?" मी शेवटचं विचारलं. "यायचे ते येणारच?"

"असं कसं?" तिनं पुन्हा भिंग लावलं. "आईला एवढे होते आणि तुमचे बघा, मोजून चार. तेही स्कूटीवरून शाळेत जाऊन जाऊन आले असतील. रक्तातलं कुणाला काढता येत नाही, पण ऊन कमी करता येतं. लहानपणीचं ऊन कातडी विसरत नाही मॅडम. लहानपणी कुणीतरी जपलंय तुम्हाला."

मी तिच्या टेबलावर डोकं ठेवून रडले. बाहेर पेशंट ताटकळत होते. तिनं कागदी रुमालांचा डबा पुढं सरकवला आणि उन्हात जाताना लावायचं मलम लिहून दिलं.

बाहेर येऊन आम्ही औषधाच्या दुकानाच्या कट्ट्यावर रिक्षाची वाट बघत बसलो. मी विचारलं, "आत्या, तुम्हाला कधी कळलं?"

"कवा म्हंजे? पानी घिऊन आली तवाच."

"तेव्हाच?"

"मग? पानी मला देत हुती आन बघत हुती तुझ्याकडं. कामाची बाई आसं बघती व्हय? घरी जाताना गाडीत मी तुझ्या सासऱ्यांस्नी म्हनले, पोरगी जरा खोटारडी हाय, पर आई लाखातली हाय. करून घिऊ."

मी म्हणाले, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"मी कशाला बोलू? आई तुझी. तू सांगायची. वाटायचं, आज सांगशील, उद्या सांगशील." त्यांनी पिशवीतलं मलम काढून उगाच बघितलं आणि पुन्हा ठेवलं. "म्हनून तर दर दिवाळीला बोलवायची तिला. आली आसती तर म्हनले आसते, ईहीनबाई, बसा अशा माझ्यापाशी आन पदर काढा त्यो तोंडावरचा, उकडत न्हाई का तुमास्नी? दवाखान्यात बेदाणा दिसायचा रोज उशाला. एक दिस साडेबाराला आले मुद्दाम, तर जिन्यावर दिसली. मला बघून भिताडाकडं तोंड करून उभी ऱ्हायली. मी तशीच फुडं आले. काय करायचं? लय आडमुठी बाई. येवढ्यांदा बोलावलं, येकदाबी आली न्हाई. माझ्यावर राग धरला आसंल तिनं, मी तिला कामाची बाई समजले आसं वाटून. जाताना तरी राग गेला आसंल का गं?"

रिक्षा आली. मी त्यांचा हात धरून त्यांना आत बसवलं आणि शेजारी बसले. हात तसाच धरून ठेवला, कारण मला आता जे सांगायचं होतं ते हात सोडून सांगता आलं नसतं.

"आत्या, तिला राग नव्हता. तुम्ही बोलावताय, हे मी तिला कधी सांगितलंच नाही."

आत्यांनी हात काढून घेतला नाही. पण घर येईपर्यंत त्या रिक्षाच्या बाहेरच बघत होत्या.